वेंगुर्ल्याहून पियानोच्या ऑडिशनला

पियानोच्या ऑडिशनला स्वतःचा पियानो नेता येत नाही. व्हायोलिन वाजवणारी मुलगी आपलंच वाद्य खांद्याला अडकवून येते. माझा मामा भजनीबुवा आहे. तो डबलबारीला, म्हणजे दोन भजनीबुवांच्या सामन्याला, निघतो तेव्हा टेम्पोत त्याची पेटी त्याच्या मांडीशीच असते आणि तिची कुठली पट्टी जरा जड आहे हे त्याच्या बोटांना पाठ असतं. पियानोवाल्याला ही सोय नाही. समोर येईल त्या पियानोवर, कधी न पाहिलेल्या खोलीत, अनोळखी परीक्षकांपुढे पहिल्या सुरापासून वाजवून दाखवावं लागतं. मी ब्रिटनमधल्या दोन कॉन्झर्व्हेटरींना, म्हणजे संगीत महाविद्यालयांना, अर्ज केला. एकीला रेकॉर्डिंग पाठवलं आणि दुसरीची ऑडिशन मुंबईत समोरासमोर दिली. त्या तयारीबद्दल लिहिते आहे, कारण कोकणात राहून पियानो शिकणारी मुलं थोडी, आणि जी आहेत ती मला एकच विचारतात: तुला भीती नाही वाटत?

वाटते. अजूनही वाटते. माझी निम्मी तयारी बोटांची होती आणि निम्मी या भीतीची.

आमच्या वेंगुर्ल्यात मला भेटलेला पहिला पियानो म्हणजे चर्चमधला जुना, उभा पियानो. त्याआधी मी मामाकडे पेटी शिकत होते, सरगम पक्की झाली होती. मग चर्चमध्ये गाणाऱ्या मैत्रिणीबरोबर एकदा गेले आणि त्या पियानोपाशीच राहिले. ट्रिनिटीच्या ग्रेड परीक्षा दिल्या, आठव्या ग्रेडपर्यंत आले. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या या परीक्षा १८७७ पासून होतात. आमच्याकडे त्यांचं नाव काढलं की लोक चेहऱ्याकडे बघत राहतात, पण तेरेखोल ओलांडून गोव्यात शिरलं की त्या देणारी मुलं जागोजागी भेटतात. माझ्या शिक्षिका पणजीच्या, त्यांना आम्ही सगळे मिस म्हणतो. आठवड्याला एसटीने त्यांच्याकडे आणि बाकीचे दिवस घरी डिजिटल पियानोवर, असा माझा रियाज. त्या डिजिटल पियानोला पूर्ण अठ्ठ्याऐंशी पट्ट्या आहेत आणि त्या खऱ्या पियानोसारख्या वजनदार आहेत.

ब्रिटनच्या बहुतेक कॉन्झर्व्हेटरींचे अर्ज यूकॅस कॉन्झर्व्हेटॉयर्स या एकाच यंत्रणेतून जातात आणि संगीताच्या अर्जाची मुदत ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच संपते. ऑडिशन हिवाळ्यात. म्हणजे खरी तयारी पडते ती बरोबर पावसाळ्यात, आणि कोकणातला पावसाळा पियानोला किती मानवतो ते पुढे येईलच.

ऑडिशनला वेगवेगळ्या काळातल्या आणि वेगवेगळ्या स्वभावाच्या रचना मागतात. मी घेतल्या त्या अशा: बाखच्या ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’च्या पहिल्या भागातला (हा १७२२ चा) सी मायनरमधला प्रिल्यूड (प्रस्तावनेसारखी छोटी रचना) आणि फ्यूग (एकच सुरावट वेगवेगळ्या आवाजांत फिरते अशी रचना), बेथोव्हनच्या डी मायनर सोनाटाची (ओपस ३१, क्रमांक २) पहिली मूव्हमेंट (म्हणजे खंड), शोपँचा ए फ्लॅट मेजरमधला एत्यूद, म्हणजे तंत्राच्या सरावासाठी लिहिलेली रचना (ओपस २५ मधला पहिला) आणि देबुसीच्या प्रिल्यूड्सच्या पहिल्या पुस्तकातला बुडालेल्या कॅथेड्रलचा प्रिल्यूड. माझं मन खरं तर शोपँच्याच दुसऱ्या एका, जास्त वेगाच्या एत्यूदवर होतं. मिस नाही म्हणाल्या. त्यांचा नियम साधा आहे: अंगात ताप असताना, रात्रभर झोप नसताना जे वाजवता येईल तेच ऑडिशनला न्यायचं. चांगल्या दिवशी जे जेमतेम जमतं ते परीक्षकांपुढे जमत नाही. मला तेव्हा हे पटलं नव्हतं, पण मिसचं ऐकलं, आणि आज कुणी मला विचारलं तर मी हेच सगळ्यात आधी सांगते.

क्रमही त्यांनीच लावून दिला. सुरुवात बेथोव्हनने, कारण ती मूव्हमेंट एका संथ, हलक्या, पसरत जाणाऱ्या कॉर्डने, म्हणजे एकत्र बांधलेल्या सुरांनी, उघडते. लार्गो. तो कॉर्ड खालून वर एकेक सूर सोडत वाजवायचा, मग थांबायचं, मग एकदम वेगाचा ॲलेग्रो. त्या पहिल्या कॉर्डमध्ये समोरच्या पियानोची ओळख करून घेता येते: पट्टी किती खोल जाते, हलकं दाबलं तर आवाज येतो की नाही, पेडल कुठे पकडतो. अनोळखी वाद्याशी बोलायला तेवढाच वेळ मिळतो. बाखने सुरुवात केली असती तर पहिल्याच बारपासून (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक तुकडा) दोन्ही हात वेगवान सुरांच्या धावपळीत, ओळख करून घेणार कधी?

पाठांतर हा या सगळ्याचा कणा. पियानोच्या मैफिलीत न बघता वाजवायची रीत एकोणिसाव्या शतकात रुजली, आणि त्यात क्लारा शुमान आणि लिस्ट या पियानोवादकांचा मोठा वाटा. आता ऑडिशनलाही बहुतेक सगळे पाठच वाजवतात. पाठ होणं म्हणजे काय हे मात्र मला वीज गेल्यावर कळलं. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट जाते ती कधी येईल याचा नेम नसतो. इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखा चालतो, पियानो नाही. लाईट गेली की डिजिटल पियानो मुका. पट्ट्या खाली जातात, वर येतात, आवाज नाही. पहिल्यांदा मी उठून गेले. पुढच्या वेळी बसून राहिले आणि आवाज नसताना सबंध फ्यूग वाजवायला घेतला. आठ-दहा बारपुढे जाता येईना. बोटांना आवाजाची सवय होती. एक सूर ऐकला की पुढचा आपोआप यायचा. आवाज काढून घेतल्यावर उरलं ते फारच थोडं होतं.

हेच मिसना सांगितलं तर त्या खूश झाल्या. म्हणाल्या, परीक्षकांपुढे बसशील तेव्हा असंच होईल, कान बंद पडतात. मग त्यांनी मला बाख वेगळ्याच रीतीने पाठ करायला लावला. सी मायनर फ्यूग तीन आवाजांचा, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या तीन सुरावटींचा आहे, एकतीस बारचा. विषय, म्हणजे फ्यूगची मूळ सुरावट, आधी मधल्या आवाजात येतो, मग वरच्या, मग खालच्या. मी एक आवाज तोंडाने गायचा आणि उरलेले दोन हातांनी वाजवायचे. मामाकडच्या शिकवणीमुळे मला ते सरगममध्ये गाता यायचं, याचा फार उपयोग झाला. मधला आवाज गाणं सगळ्यात अवघड, कारण तो दोन्ही हातांत वाटलेला असतो. सगळा जुलै त्यात गेला. पण ते जमल्यावर कुठल्याही बारला थांबवलं तरी कुठला आवाज काय म्हणतो आहे हे मला सांगता यायला लागलं.

बेथोव्हनची अडचण निराळी. सोनाटा-रूपात पहिल्या भागातलं पुष्कळसं शेवटच्या भागात परत येतं, पण वेगळ्या वाटेने. या मूव्हमेंटमध्ये पहिल्यांदा संगीत ए मायनरला जाऊन पोचतं आणि परत येतं तेव्हा डी मायनरमध्येच राहतं. सूर ओळखीचे, बोटांची ठेवण ओळखीची, वळण मात्र दुसरं. रानात चकवा लागलेला माणूस फिरून फिरून त्याच झाडाखाली येतो असं आजी सांगायची. घाबरलेल्या वादकाचंही तेच होतं. वळण चुकलं की तो परत पहिल्या भागात शिरतो आणि मूव्हमेंट संपतच नाही. यावर उपाय एकच, दोन्ही वळणं शेजारी शेजारी ठेवून वाजवायची: एकदा हे, लगेच ते. फक्त तेवढेच बार, आणि प्रत्येक वेळी तोंडाने कुठे चाललोय ते म्हणायचं.

मग मी प्रत्येक रचनेत पकडीच्या जागा ठरवल्या. पकडीची जागा म्हणजे जिथून काहीही झालं तरी दोन्ही हातांनी, मागचं न आठवता, थेट सुरू करता आलं पाहिजे. फ्यूगमध्ये विषय जिथे जिथे येतो ती प्रत्येक जागा. एत्यूदमध्ये स्वरसंगती बदलते त्या जागा. नोटेशनवर लाल पेन्सिलीने त्या गोल केल्या, चिठ्ठ्या केल्या आणि स्वयंपाकघरातल्या रिकाम्या बरणीत टाकल्या. सकाळी चहा व्हायच्या आत आई एक चिठ्ठी काढायची आणि नुसतं म्हणायची, “बेथोव्हन, सात.” मी जाऊन बेथोव्हनच्या सातव्या जागेपासून सुरू करायचं. बोटं गरम करणं नाही, स्केल नाहीत. आईला पियानोतलं काही कळत नाही, पण मी अडखळले तर तिला लगेच कळायचं, आणि ती ती चिठ्ठी परत बरणीत टाकायची.

आता भीतीबद्दल.

शरीरात काय होतं ते समजून घेतल्यावर मला बरं वाटलं. ॲड्रेनलीन सुटतं, छाती धडधडते, कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून बोटं गार पडतात, तळहाताला घाम येतो, तोंड कोरडं, स्नायूंना थरथर. वेळेचा अंदाजही बिघडतो. आपल्याला नेहमीचीच लय वाटते आणि ती चांगलीच चढलेली असते. यातलं काहीही मी इच्छेने थांबवू शकत नाही. व्लादिमीर होरोविट्झसारखा पियानोवादक १९५३ ते १९६५ अशी बारा वर्षं जाहीर मैफिलीपासून दूर राहिला, आणि त्याच्या मागे इतरही कारणं असली तरी मंचाची भीती त्याला आयुष्यभर होती. हे वाचल्यावर मी एक आशा सोडून दिली: की पुरेसा रियाज केला तर भीती वाटणारच नाही. ती वाटणार. वाटत असताना हातांनी काय करायचं एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचा रियाज करता येतो.

गोळ्यांचा विषयही आला. परदेशात पुष्कळ वादक बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाची धडधड कमी करणाऱ्या गोळ्या, घेतात. १९७७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात वादकांवरचा एक प्रयोग छापून आला होता, त्यात ऑक्सप्रेनोलॉल या गोळीने मंचावरची थरथर कमी झाल्याचं दिसलं, आणि तेव्हापासून ही वाट लोकांना माहीत आहे. ओळखीतल्या एका मुलाने मला प्रोप्रॅनोलॉलचं नाव सांगितलं. मी आमच्या डॉक्टरांकडे गेले. लहानपणी मला दम्याचा त्रास होता, त्यामुळे त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. दमेकऱ्याला या गोळीने श्वासनलिका आकसण्याचा धोका असतो. कुणाच्याही सांगण्यावरून, मित्राच्या पाकिटातून ही गोळी घेऊ नका, हे मी इथे मुद्दाम लिहिते.

मग राहिला तो रियाज. आमच्या घरामागे जांभ्याच्या पायऱ्यांची घाटी आहे. मी ती पळत चढायची, पळत उतरायची आणि धापा टाकत पियानोवर बसून लगेच लार्गोचा तो पहिला कॉर्ड वाजवायची. छाती कानात वाजत असते, हात हलत असतात आणि वाजवायचं असतं ते सगळ्यात हलकं, सगळ्यात सावकाश. पहिले काही दिवस सूर गळायचे, एखादा भलताच जोरात यायचा. हळूहळू दोन गोष्टी सापडल्या. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावला की छाती लवकर खाली येते. आणि कोपरापासून हाताचं वजन पट्टीत सोडलं, तर बोटांची थरथर सुरात उतरत नाही. नुसत्या बोटाने दाबायला गेलं की उतरते. हे दुसरं मिस मला लहानपणापासून सांगत होत्या. घाटी चढून आल्यावर ते हाताला कळलं.

पण धापा लागणं वेगळं आणि माणसं समोर असणं वेगळं. त्याला माणसंच हवीत.

मिसनी सांगितलं होतं की ऑडिशनच्या आधी जमेल तेवढ्या वेळा, जमेल तेवढ्या वाईट परिस्थितीत, सगळा प्रोग्राम लोकांपुढे वाजव. पणजीला त्यांच्या इतर विद्यार्थ्यांपुढे वाजवला. चर्चमध्ये रविवारच्या मिसानंतर, म्हणजे प्रार्थनेनंतर, लोक बाहेर पडत असताना वाजवला. आणि चतुर्थीला मामाच्या घरी. मुंबईहून सगळे चाकरमानी आलेले, घरात पाय ठेवायला जागा नाही. मामाने माझा डिजिटल पियानो दोन दिवस आधीच टेम्पोने आणवून पडवीत लावला होता आणि सगळ्यांना सांगून टाकलं होतं की आरत्या झाल्यावर, भजन उभं राहायच्या आधी बाय वाजवणार. मला विचारलंही नव्हतं.

माटवीखाली गणपती, त्याच्यासमोर समयांचा उजेड, बाहेर पाऊस. माझ्या डाव्या हाताला हातभर अंतरावर पखवाजी बसला होता आणि पखवाजाच्या धुमेला कणीक लावत होता. ओल्या कणकेचा गोळा हाताने थापायचा, थाप मारून बघायची, जरा काढायची, परत थापायचा. त्याला बारीला वेळेवर तयार व्हायचं होतं, तो थांबणार नव्हता. मी बाखचा प्रिल्यूड वाजवत होते आणि मधूनच भलत्याच लयीत एक घुमारेदार थाप पडत होती. प्रिल्यूड निभावला. फ्यूगच्या मध्यावर थाप आणि एका लहान पोराचं भोकाड एकदम आलं आणि माझा डावा हात गेला. पुढचं काहीच आठवेना. पण उजवा हात चालू होता आणि लाल पेन्सिलीची पुढची जागा डोळ्यांसमोर होती. तिथे उडी मारली, डावा हात येऊन मिळाला, फ्यूग शेवटाला गेला. काकांनी टाळ्या वाजवल्या. मुलांनी विचारलं, संपलं का?

मामाने बरोबर पकडलं होतं. त्याला बाख माहीत नाही, पण कोण कधी हरवलं आणि कधी सापडलं हे बुवाला कळतंच. डबलबारीत समोर दुसरा बुवा, रात्रीचे दोन वाजलेले, समोरच्याने गजरातून टोमणा टाकलेला आणि माणसं तुमच्या तोंडाकडे बघत असतात. उत्तर तिथल्या तिथे द्यायचं असतं. मी त्याला विचारलं, तुझे हात थरथरत नाहीत?

“थरथरतत तर,” मामा म्हणाला. “थरथरूंदेत. ताल सोडूचो नाय, म्हंजे झाला. माणसां ताल ऐकतत, हात कोण बघता?”

पुढे मी वाचलं की हार्वर्डमधल्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये याच गोष्टीवर प्रयोग छापले होते. लोकांना कॅराओके गायला लावलं. गाण्याआधी ज्यांनी ‘मला हुरूप आलाय’ अशा अर्थाचं काही म्हटलं, ते ‘मला भीती वाटतेय’ म्हणणाऱ्यांपेक्षा चांगले गायले. धडधड दोघांचीही होती. शांत होण्याचा आटापिटा करण्यापेक्षा त्या धडधडीला कामाला लावणं सोपं पडतं, असा त्याचा अर्थ. मामाला सांगितलं तर त्याला त्यात नवल वाटलं नाही. बारीच्या आधी छातीत काहीच झालं नाही तर त्या रात्री भजन रंगत नाही, असं तो नेहमीच म्हणतो.

चतुर्थीनंतर मी लोकांपुढे वाजवायच्या संधी स्वतः मागून घ्यायला लागले. शाळेत, मैत्रिणीच्या घरी, एका हॉटेलच्या लॉबीत. प्रत्येक ठिकाणी पियानो वेगळा, तेही शिक्षणच. चर्चच्या पियानोबद्दल थोडं लिहायला हवं, कारण किनाऱ्यावर पियानो सांभाळणं हे काम आहे. पियानोचा आवाज ज्यातून येतो तो साउंडबोर्ड लाकडाची पातळ फळी असतो. दमट हवेत ती फुगते, तारांचा ताण बदलतो, सूर चढतात. हवा कोरडी झाली की परत उतरतात. पट्ट्यांच्या खालच्या कापडात ओल शिरते आणि पट्टी खाली गेली की वर यायला कुरकुरते. तारांना खाऱ्या वाऱ्याने गंज चढतो. पियानोला साधारण ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते आणि आमच्याकडे पावसाळ्यात त्याहून कितीतरी जास्त असते. चर्चच्या पियानोच्या पोटात खालच्या बाजूला एक बल्ब सतत जळत ठेवलेला असतो, आतली हवा गरम आणि कोरडी राहावी म्हणून. तो जुन्या पद्धतीचा, तारेचाच बल्ब लागतो. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. फादरनी असे बल्ब शोधून साठवून ठेवलेत. ट्यूनर गोव्याहून येतो, पाऊस संपल्यावर. तोपर्यंत सप्टेंबरात मधल्या सप्तकातल्या एका पट्टीशी जुळवून घेऊनच वाजवावं लागतं. मुंबईत ऑडिशनच्या पियानोवर बसले तेव्हा वाटलं, याच्यापेक्षा अवघड पियानो मला येतात.

डिजिटलवर एक गोष्ट शिकता येत नाही, ती म्हणजे पेडल. बेथोव्हनच्या त्या मूव्हमेंटमध्ये लार्गो परत येतो तेव्हा त्याला जोडून एक एकटी सुरावट आहे, कुणी बोलत असल्यासारखी, आणि बेथोव्हनने तिच्याखाली पेडल दाबूनच ठेवायला सांगितलंय. आजच्या मोठ्या पियानोवर पेडल पूर्ण दाबून ठेवलं तर सगळं एकमेकांत मिसळून गढूळ होतं. पूर्ण सोडलं तर त्याने मागितलेला तो घुमारा जातो. पाय अर्धाच उचलायचा, आणि किती उचलायचा ते खोली आणि पियानो बघून. हे मी मिसच्या ग्रँड पियानोवर, म्हणजे मोठ्या आडव्या पियानोवर, शिकले. आमचा निम्मा तास कधीकधी त्या चार ओळींवरच जायचा. “आनीक एक फावट,” मिस म्हणायच्या, आणि परत पाय.

रेकॉर्डिंग गोव्यातच केलं, एका हॉलमध्ये, ग्रँडवर. एक रचना एका सलग टेकमध्ये, मध्ये काटछाट नाही, कॅमेऱ्यात हात आणि चेहरा दोन्ही दिसले पाहिजेत. रेकॉर्डिंगची भीती वेगळ्या जातीची असते. परत घेता येतं म्हणून ती संपतच नाही. प्रत्येक टेकमध्ये कुठेतरी काहीतरी राहतं आणि पुढचा टेक आधीच्यापेक्षा सावध आणि मेल्यासारखा होतो. मिसनी ठरवून दिलं: प्रत्येक रचनेचे तीन टेक, मग हॉल बंद. मला लोकांसमोर वाजवणं यापेक्षा सोपं वाटलं. समोर माणसं असली की निदान वाजवणं पुढे जातं.

मुंबईला कोकणकन्येने गेले, ऑडिशनच्या दोन दिवस आधी. रात्रीच्या प्रवासानंतर खांदे आखडतात, त्यातून बाहेर यायला एक दिवस हाताशी हवा. मावशीकडे उतरले. आदल्या दिवशी फक्त संथ वाजवलं, अर्ध्या वेगाने, आणि दुपारनंतर पियानोला हात लावला नाही. नोटेशन वाचलं, पुस्तक वाचतात तसं. ज्या इमारतीत ऑडिशन होती तिथपर्यंत आदल्या संध्याकाळी जाऊन आले. दुसऱ्या दिवशी रस्ता शोधण्यात मन घालवायचं नव्हतं.

ज्याची तयारी मी केली होती ते एसी. कोकणात माझी बोटं कधी गार पडत नाहीत, घामाने निसरडी होतात; म्हणून पट्ट्या पुसायला रुमाल. मुंबईत खोली गार, म्हणून थर्मासमध्ये गरम पाणी आणि आईने विणलेले बोटं उघडी राहणारे हातमोजे. बाहेरच्या खुर्च्यांवर आणखी काही मुलं होती आणि दारातून आतल्या मुलाचा लिस्ट ऐकू येत होता. तो माझ्यापेक्षा चांगला वाजवत होता. कान बंद करता येत नाहीत, म्हणून मी मनातल्या मनात फ्यूगचा मधला आवाज गात बसले. सगळा, पहिल्यापासून. तो गाताना दुसरं काही ऐकायला जागाच राहत नाही.

आत गेल्यावर खुर्चीची उंची लावून घेतली, सावकाश. परीक्षक थांबतात; त्यांना काही घाई नसते. कॉर्ड वाजवायच्या आधी मनात ॲलेग्रोचे दोन बार ऐकले, कारण चढलेल्या छातीने लय ठरवली तर ती नक्की जास्त होते. हात थरथरत होते. पियानो मऊ होता, मिसच्या ग्रँडपेक्षा खोल. पहिला कॉर्ड लागला.

रिकॅपिट्युलेशनला, म्हणजे सुरुवातीचं संगीत परत येतं तिथे, पोचायच्या आधीच त्यांनी थांबवलं. बाहेर आल्यावर एक मुलगी यावरूनच रडत होती, तिलाही मध्येच थांबवलं होतं. पण थांबवणं म्हणजे नापास करणं नाही. त्यांच्याकडे वेळ मोजका असतो आणि हवं ते ऐकून झालं की ते पुढे जातात. मला म्हणाले, ती बोलल्यासारखी सुरावट आहे तिथून वाजव. ती माझी पकडीची जागा होती. मग बाख सबंध ऐकला, एत्यूदची फक्त सुरुवात, देबुसी जवळजवळ सगळा. साइट रीडिंग दिलं, म्हणजे कधी न पाहिलेलं नोटेशन तिथल्या तिथे बघून वाजवायला. त्यात एका ठिकाणी सूर सुटले, मी लय सोडली नाही.

मग बोलणं. कुठे शिकलीस, रोज काय करतेस. देबुसीत काय ऐकतेस, असं एकाने विचारलं. मी सांगितलं की ही समुद्रातून वर येणाऱ्या आणि परत बुडणाऱ्या चर्चची दंतकथा ब्रिटनीच्या किनाऱ्यावरची आहे, आणि मी पियानो शिकले ते चर्च समुद्रापासून फार लांब नाही, पावसात तिथे घंटेचा आवाज वाऱ्यावर जवळ-लांब होतो. म्हणून ते मोठे सी मेजरचे कॉर्ड मी सगळे एका ताकदीचे वाजवत नाही. त्यांनी परत तेवढंच वाजवायला सांगितलं. मग मामाच्या पेटीबद्दल विचारलं, आणि भजनाबद्दल जरा जास्तच वेळ बोलणं झालं.

रेकॉर्डिंग पाठवलेल्या ठिकाणाहून नकार आला. मुंबईच्या ऑडिशनवर जागा मिळाली, फीमध्ये थोडी सवलतही. बाकी पैशांची जुळवाजुळव अजून चालू आहे, तो विषय मोठा आहे आणि त्यावर मी वेगळं लिहीन.

कुडाळचा एक मुलगा पुढच्या वर्षी ऑडिशनला बसणार आहे. त्याच्या नोटेशनवर आम्ही परवा लाल पेन्सिलीने जागा मारल्या. रविवारी मिसानंतर तो चर्चमध्ये वाजवणार आहे, पंखा चालू ठेवून, लोक उठून जात असताना. मामाला सांगितलंय. तो म्हणाला, पखवाजीलाही घेऊन येतो.